अल्स्टरच्या महिला क्लब कमोगीची पार्श्वभूमी

मार्च 2017 मध्ये स्लॉखनील या खेड्याच्या मुलींनी डब्लिनच्या क्रोक पार्कवर कमोगी या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा अखिल आयर्लंड क्लब चषक जिंकला. हे गाव उत्तर आयर्लंडमधल्या डेरी काउंटीत, माघेराजवळच्या डोंगराळ भागात आहे. त्या मोसमात या गावाच्या रॉबर्ट एमेट्स क्लबचे तीन संघ अल्स्टर प्रांताचे विजेते होते: पुरुषांचा गेलिक फुटबॉलचा, पुरुषांचा हर्लिंगचा आणि महिलांचा कमोगीचा. एकाच मोसमात ही तिन्ही प्रांतिक विजेतेपदे याआधी कोणत्याच क्लबला साधली नव्हती. पुढे हर्लिंगवाले उपांत्य फेरीत डब्लिनच्या कुआलाकडून हरले आणि फुटबॉलवाले 17 मार्चला, म्हणजे ऐन सेंट पॅट्रिक दिनी, केरी काउंटीच्या डॉक्टर क्रोक्स क्लबकडून दोन गुणांनी. देशाचा चषक गावात आला तो मुलींमुळे.

हा निकाल समजून घ्यायचा तर मागे जावे लागते, कारण अल्स्टरच्या क्लबांना इथवर पोचायला अर्धे शतक लागले होते.

कमोगी म्हणजे बायकांचे हर्लिंग. हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट काठी. चेंडू लहान आणि टणक, शिवणीचे काठ उंच. तो जमिनीवरून मारता येतो, हवेत टोलवता येतो किंवा काठीच्या पात्यावर तोलून पळता येते. गोलखांबांच्या आडव्या दांड्याखालून चेंडू गेला की गोल, वरून गेला की एक गुण; एक गोल तीन गुणांचा. धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे मांडतात. 2017 च्या त्या अंतिम सामन्यात स्लॉखनीलचे 1-10 होते आणि गॉलवे काउंटीच्या सार्सफील्ड्सचे 0-11. बेरीज केली तर 13 विरुद्ध 11. सार्सफील्ड्सने चेंडू एकदा जास्त दांड्यावरून पाठवला होता, पण तो एक गोल भारी पडला.

खेळाची सुरुवात भाषेच्या चळवळीतून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी डब्लिनमध्ये गेलिक लीगच्या शाखांत आयरिश शिकायला येणाऱ्या तरुणींनी हर्लिंगला थोडी मुरड घालून आपले नियम बनवले. 17 जुलै 1904 रोजी नॅव्हन इथे पहिला जाहीर सामना झाला, कीटिंग शाखा विरुद्ध कुहुलिन शाखा. कीटिंगच्या मुलींनी तो एका गोलने जिंकला. (ज्याच्या नावाची शाखा हरली तो कुहुलिन अल्स्टरच्या पुराणकथांतला वीर, आणि कथेप्रमाणे लहानपणापासून हर्लिंगमध्ये तरबेज.) पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 1905 मध्ये, संघटना उभी राहिली आणि मॉर्या नी खिन्येजे तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. घोट्यापर्यंतचे झगे घालून खेळायचे, हा त्या काळचा शिरस्ता.

हा पहिला सामना दोन क्लबांमधला होता. काउंटी नंतर आली, प्रांत त्याहून नंतर. 1932 मध्ये संघटनेची नव्याने बांधणी झाली तेव्हा काउंट्यांची अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाली. तिचा चषक शॉन ओडफी यांनी दिला. हे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावात लढलेले कार्यकर्ते, आणि पुढे आयुष्यभर कमोगीच्या मागे उभे राहिलेले. तेव्हापासून वर्तमानपत्रांत नाव यायचे ते काउंटीचे. क्लबच्या मैदानावर कोण घाम गाळतेय, याची नोंद स्थानिक पातळीवरच राहायची.

तरी काउंटीच्या मुखवट्यामागे क्लबच असल्याचे कधीकधी उघड दिसायचे. 1940 च्या दशकात संघटनेत भांडणे पेटली होती. हॉकी खेळणाऱ्या मुलींना कमोगीत घ्यायचे की नाही, यावरून फाटाफूट झाली होती आणि मोठ्या काउंट्या आत-बाहेर करत होत्या. 1948 मध्ये डब्लिनच्या नावाने जो संघ जिंकला तो मुळात सीआयई या एका क्लबचा होता, म्हणजे रेल्वे आणि बस चालवणाऱ्या राष्ट्रीय परिवहन कंपनीच्या क्रीडा मंडळाचा. के मिल्स ही त्या मंडळाची खेळाडू. तिने 1942 ते 1961 या काळात काउंटी अजिंक्यपदाची 15 पदके मिळवली.

याच काळात अल्स्टरचा अँट्रिम पुढे आला. 1945, 1946, 1947 अशी सलग तीन विजेतेपदे त्याने घेतली. मोठ्यांच्या भांडणात धाकट्याचे फावले, असे कुणी म्हणेल, पण ते अपुरे आहे. डब्लिनने 1948 ते 1966 या 19 वर्षांत 18 विजेतेपदे घेतली. मध्ये एकदाच, 1956 मध्ये, खंड पडला, तोही अँट्रिमने पाडला. 1967 मध्ये डब्लिनची सलग दहा वर्षांची मालिका तोडली ती पुन्हा अँट्रिमनेच. 1979 चे विजेतेपद धरून अँट्रिमच्या खात्यावर सहा. त्यानंतर ओडफी चषक अल्स्टरमध्ये आलेला नाही.

1964 मध्ये अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद सुरू झाले आणि प्रांतिक स्पर्धेला तेव्हा खरे काम मिळाले. गावात जिंका, काउंटीत जिंका, प्रांतात जिंका, मग चार प्रांतांचे चार विजेते उपांत्य फेरीत. पुरुषांच्या हर्लिंग आणि फुटबॉलमध्ये अशी देशव्यापी क्लब स्पर्धा 1970-71 च्या मोसमात सुरू झाली. पैसा नाही, स्वतःची मैदाने नाहीत, बरेचदा पुरुषांच्या संघटनेकडून उसने मैदान मागायचे, अशा अवस्थेतल्या बायकांनी ही कल्पना सहा वर्षे आधी अमलात आणली. आयरिश खेळांचा इतिहास सांगताना हे सहसा एका ओळीत उरकतात. माझ्या मते ती मोठी चूक आहे.

पहिल्या वर्षी अल्स्टरकडून बेलफास्टचा डियर्ड्रा क्लब अंतिम फेरीत पोचला आणि डब्लिनच्या सेल्टिककडून हरला. पुढच्या कित्येक दशकांची ही नांदीच ठरली. अल्स्टरचा विजेता उपांत्य फेरीत जायचा, कधी अंतिम सामनाही खेळायचा, पण चषक दुसरीकडे जायचा. किलकेनीच्या सेंट पॉल्सने 1968 ते 1970 सलग तीनदा तो नेला. डाउनी जुळ्या बहिणी, अँजेला आणि अ‍ॅन, या क्लबकडून खेळू लागल्यावर 1987 ते 1989 अशी आणखी एक हॅटट्रिक झाली. मधली वर्षे वेक्सफर्डच्या बफर्स अ‍ॅलीने गाजवली. मग कॉर्कचे ग्लेन रोव्हर्स, गॉलवेचे पिअर्सेस.

अल्स्टर मागे का राहिले? नऊ काउंट्यांचा प्रांत, पण वरच्या दर्जाचे कमोगी क्लब मुख्यतः अँट्रिम, डेरी आणि डाउनमध्ये. बाकी ठिकाणी फुटबॉलचे राज्य. त्यात 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर आयर्लंडमध्ये जो हिंसक संघर्ष सुरू झाला तो तीस वर्षे चालला. नऊपैकी सहा काउंट्या ब्रिटिश अमलाखाली, तीन प्रजासत्ताकात, म्हणजे प्रांतिक स्पर्धाच सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. हातात काठ्या आणि अंगात क्लबचा रंग घेऊन तपासणी नाक्यावर थांबणे हा सामन्याला जाण्याचा भागच होता. बेलफास्टच्या केसमेंट पार्कवर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्याने तळ टाकला होता. गेलिक क्लबात असणे हीच अनेकांच्या लेखी राजकीय भूमिका होती. अशा दिवसांत संघ टिकवून धरला हेच मोठे, आणि हा भाग विजेत्यांच्या यादीत दिसत नाही.

1999 मध्ये एक मोठा बदल झाला. तोवर कमोगी 12 जणींचा खेळ होता, लहान मैदानावर. आता हर्लिंगसारखे पूर्ण मैदान आणि 15 जणी. शहरी क्लबाला यात अडचण नव्हती. चारशे-पाचशे घरांच्या खेड्याला मात्र आणखी तीन खेळाडू आणि त्यांच्या जागी उतरायला आणखी दोघी-तिघी उभ्या करायच्या होत्या. आपल्याकडे पंचक्रोशीतल्या कबड्डी संघात निम्मी आडनावे एकच असतात, तसेच इथेही झाले: घरेच्या घरे खेळायला लागली.

2008 च्या मोसमात कोंडी फुटली. बेलफास्टच्या ओडोनोव्हन रॉसा क्लबने अल्स्टर जिंकून पुढे देशाचे विजेतेपद घेतले. जेन अ‍ॅडम्स ही त्या संघातली मोठी खेळाडू. क्लबाचे नाव ज्या फेनियन, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या, क्रांतिकारकावरून आले, त्याची 1915 मधली डब्लिनमधली अंत्ययात्रा म्हणजे 1916 च्या उठावाची पूर्वतयारीच होती. अल्स्टरमधल्या बऱ्याच क्लबांची नावे अशी क्रांतिकारकांची आहेत. स्लॉखनीलच्या क्लबाला ज्याचे नाव आहे तो रॉबर्ट एमेटही 1803 मध्ये फाशी गेलेला.

स्लॉखनीलच्या मुली 2016 मध्ये अल्स्टरच्या अंतिम सामन्यात अँट्रिमच्या लॉखगील शॅमरॉक्सला हरवून पुढे आल्या. लॉखगील हे हर्लिंगवेडे गाव. तिथल्या पुरुषांनी 1983 आणि 2012 मध्ये देशाचे क्लब विजेतेपद घेतलेले. त्यामुळे तिथल्या मुलींना हरवणे सोपे नव्हते. त्यानंतर स्लॉखनीलने प्रांत सलग चार वर्षे, 2019 पर्यंत, सोडला नाही आणि देशाचे विजेतेपद सलग तीनदा घेतले. संघात इफा, ब्रोना आणि एलिश या नी खाशिद्या बहिणी होत्या. आयरिश भाषा पुन्हा घराघरांत आणण्याचे काम गेली काही दशके या परिसरात चालू आहे, आणि भाषेची माणसे व मैदानाची माणसे बरीचशी तीच.

चौथ्यांदा मात्र गाडी अडली. 1 मार्च 2020 रोजी सार्सफील्ड्सने स्लॉखनीलला हरवून आपले पहिले विजेतेपद घेतले. त्या संघातही बहिणींचा भरणा होता: मॅकग्रा घराण्याच्या. प्रशिक्षक त्यांचे वडील मायकल, 1987 आणि 1988 मध्ये गॉलवेकडून हर्लिंगचे विजेतेपद मिळवलेले. सार्सफील्ड्सची वाट वेगळी होती. कॉनॉट प्रांतात गॉलवे सोडून वरच्या दर्जाचे क्लबच जवळपास नाहीत, त्यामुळे तिथे प्रांतिक फेरी नावापुरती. गॉलवे जिंकले की थेट उपांत्य फेरी. अल्स्टरमध्ये मात्र काउंटी जिंकल्यावर पुन्हा एक लढत उरते, आणि ती बहुधा अँट्रिम विरुद्ध डेरी अशीच असते. काहींना तो अन्याय वाटतो. माझ्या मते स्लॉखनीलची धार तिथेच लागली, कारण लॉखगीलसारख्या प्रतिस्पर्ध्याशी दरवर्षी गाठ पडत होती.

लॉखगीलनेही नंतर वचपा काढला. 2022 मध्ये त्याच मुली अल्स्टर जिंकून डिसेंबरच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, पण तिथे पुन्हा सार्सफील्ड्स आडवे आले. अंतिम सामना मार्चमधून डिसेंबरात सरकला तो नव्या वेळापत्रकामुळे. आता काउंटीचा हंगाम उन्हाळ्यात संपतो आणि शरद ऋतू क्लबांना मोकळा मिळतो. पूर्वी प्रांत जिंकल्यावर पुढच्या फेऱ्यांसाठी संघ थंडीभर ताटकळत असायचे.

पोशाखाचा जुना प्रश्न तर मे 2025 पर्यंत ताणला गेला. त्या महिन्याच्या सुरुवातीला डब्लिन आणि किलकेनीच्या खेळाडू सक्तीची स्कर्टवजा चड्डी नाकारून साध्या शॉर्ट्समध्ये मैदानात उतरल्या. कपडे बदला, नाहीतर सामना रद्द, असे त्यांना सांगण्यात आले. 22 मे रोजी संघटनेच्या विशेष सभेत जवळपास सर्वांनी शॉर्ट्सच्या बाजूने मत दिले. पुरुषांची गेलिक संघटना, महिला फुटबॉल आणि कमोगी अशा तिन्ही संघटना एक करण्याचे काम माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या समितीकडे आहे आणि त्यासाठी 2027 हे लक्ष्य ठरले आहे. तसे झाले तर मैदान कुणाला कधी मिळणार, हा स्लॉखनील आणि लॉखगीलसारख्या क्लबांच्या सभांतला वाद एकाच टेबलावर सोडवावा लागेल.