‘वय झालं’च्या आड

आजी दिवसभर गप्प बसून असते. जेवणावरची वासना उडालीय, पहाटे तीनलाच डोळे टक्क उघडतात. विचारलं तर एवढंच म्हणते, ‘करमत नाही रे.’ घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ विषय तिथेच मिटतो.

मानसोपचारतज्ज्ञांनाही नैराश्याने घेरलेली ही आजी फार उशिरा दिसली, कारण त्यांच्यासमोर यायचे ते दवाखान्याची पायरी चढलेले रुग्ण. १९६० सालची हॅमिल्टन यांची नैराश्य मोजण्याची पट्टी अशाच, आजाराचं निदान झालेल्यांसाठी होती. १९७७ मध्ये अमेरिकेत लेनोर रॅडलॉफ यांनी चारचौघांच्या पाहणीसाठी २० प्रश्नांची ‘सीईएस-डी’ प्रश्नावली आणली. तरी म्हाताऱ्या माणसांचा पेच सुटेना. झोप उडाली ती मन खचल्यामुळे की गुडघे ठणकतात म्हणून? १९८२-८३ च्या सुमारास जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी प्रश्नावली बनवली. १०० प्रश्न पारखून ३० ठेवले, उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. शरीराच्या तक्रारी त्यातून जवळजवळ गळाल्या. १९८६ मध्ये तिचं १५ प्रश्नांचं छोटं रूप आलं, तेच आज जास्त वापरलं जातं. त्यात एक प्रश्न आहे: बाहेर पडून नवीन काही करण्यापेक्षा घरीच बसणं बरं वाटतं का? ‘हो’ म्हटलं की नैराश्याच्या खात्यात एक गुण. आपल्या खेड्यातल्या सत्तरीच्या बाईने यावर काय सांगावं?

त्याच सुमारास मदुराईजवळच्या निमशहरी वस्तीत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. वेंकोबा राव वृद्धांची पाहणी करत होते. देशभराचं चित्र मात्र बऱ्याच उशिरा हाती आलं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीची पहिली फेरी केली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची शक्यता आढळली. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केल्याचं सांगणारे होते जेमतेम ०.८ टक्के. मधली दहापट दरी ‘वय झालं’ने भरलेली आहे, असं मला वाटतं.

ही दरी कशी पडते, त्याचा माग गोव्यात २००१ मध्येच लागला होता. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या संशोधकांनी तिथल्या लोकांशी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलून पाहिलं. नैराश्याची लक्षणं लोक ओळखत होते, पण त्यांचं मूळ सांगत ते मुलांच्या दुर्लक्षात, आटलेल्या मायेत. प्राथमिक दवाखान्यांत असे वृद्ध नेहमी यायचे, पण नैराश्याचं नाव क्वचितच निघायचं. मुलगा विचारत नाही, यावर औषध कोण मागणार?

पुढे गोव्यातच प्राथमिक दवाखान्यांत येणाऱ्या, उदासी नुकती डोकावू लागलेल्या १८१ वृद्धांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी अडचणी सोडवायला शिकवलं, सरकारी योजनांचा लाभ मिळवायला हातभार लावला. वर्षभरात ही मदत मिळालेल्या वृद्धांपैकी सुमारे ४ टक्के लोकांना नैराश्याने गाठलं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांवर गेलं. आणि प्रश्नावलीतून बाहेर काढलेलं शरीर इथे पुन्हा आत आलं: हे समुपदेशक झोपेची घडी बसवण्याबद्दल आणि मधुमेह सांभाळण्याबद्दलही बोलत होते.