हरवलं की बाहेर काढलं? टायब्रेकरचा घोळ एकदाचा मिटवूया

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममधनं फुटबॉलची मॅच बघून बाहेर पडताना हा वाद ठरलेला. एखाद्या छोट्या टीमनं मोठ्या तालमीच्या टीमला टायब्रेकरवर, म्हणजे मॅच बरोबरीत राहिल्यावर आळीपाळीनं मारायच्या किकांवर, घालवलं की अर्धी गॅलरी "हरवलं, हरवलं" करत नाचते, आणि गेलेल्या पेठेचा एखादा काका चप्पल शोधत शोधत म्हणतो, "हरवलं कुठं, मॅच बरोबरीत सुटली." सगळे हसतात त्याला. पण भावा, नियमानं काका बरोबर असतोय.

आपल्याला हे खरं तर कुस्तीमुळं पटकन कळायला पाहिजे. खासबाग मैदानात एखाद्यानं नावाजलेला पैलवान चितपट केला तर गोष्ट वेगळी, आणि कुस्ती अडकली म्हणून शेवटी गुणांवर दिली तर गोष्ट वेगळी. बक्षीस दोघांनाही मिळतं, फेटापण बांधतात, पण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बोलणं सारखं नसतं.

फुटबॉलमध्ये दोन्ही प्रकार एकाच टीमनं दाखवलेत, ते पण चार दिवसांच्या आत. २०२२ चा वर्ल्ड कप, मोरोक्को. स्पर्धेआधी फिफा रँकिंग २२ वं. ६ डिसेंबरला समोर ७ व्या नंबरचं स्पेन, ज्यांनी हजाराच्या वर पास दिले आणि १२० मिनिटं नुसतं बॉल इकडून तिकडं, गोल शून्य. मॅच ०-० आणि टायब्रेकर ३-० मोरोक्कोकडं. साराबियाची किक पोस्टवर, सोलेर आणि बुस्केट्सच्या मोरोक्कोचा गोलकीपर बोनोनं अडवल्या, शेवटी हकीमीनं गोलकीपर आडवा पडल्यावर मधोमध अलगद टाकला, काय काळीज असंल त्या पोराचं. मग १० डिसेंबरला पोर्तुगाल, ९ वा नंबर. तिथं ४२ व्या मिनिटाला एन-नेसिरीनं उंच उडी मारून हेडर घातला, १-० आणि विषय संपला. टायब्रेकरची भानगडच नाही. पोर्तुगालला हरवलं, स्पेनला बाहेर काढलं. आफ्रिकेची पहिली टीम सेमीफायनलला गेली ती या दोन्ही पायऱ्या चढून, पण रेकॉर्डला स्पेनची मॅच आजपण बरोबरीच आहे.

हे नुसतं कागदावरचं नाही बरं का, रँकिंगच्या हिशोबात पण फरक पडतो. २०१८ पासून फिफा जिंकणाऱ्याला १ धरते, बरोबरीला ०.५, आणि टायब्रेकरवर पुढं जाणाऱ्याला ०.७५. म्हणजे पाऊण विजय! टायब्रेकर हरणाऱ्याला बरोबरीएवढेच ०.५. यावरनंच रँकिंगचे पॉइंट निघतात. समजा दोन टीमच्यात रँकिंगच्या १५० पॉइंटचं अंतर आहे आणि वर्ल्ड कपची प्री-क्वार्टर (शेवटच्या १६ टीमची फेरी) आहे, तर खालच्या टीमला सरळ जिंकून साधारण ३२ पॉइंट मिळतात आणि टायब्रेकरवर साडेएकोणीसच्या आसपास. वरच्या टीमचे मात्र वर्ल्ड कपच्या नॉकआउटमध्ये काहीच कापत नाहीत, हा नियम मला तरी मोठ्यांना सांभाळून घेण्यासाठीच केल्यासारखा वाटतो, असो.

आता यातच अजून एक गोंधळ, मॅचमधली पेनल्टी आणि टायब्रेकरची किक. दोन्ही त्याच जागेवरनं, समोर एकटा गोलकीपर, म्हणून लोक दोन्हीला पेनल्टीच म्हणतात. पण मॅचमधली पेनल्टी गोलकीपरनं अडवली आणि बॉल परत आला तर किक मारणारा धावत जाऊन पुन्हा मारू शकतो, दुसरा कोणपण मारू शकतो, आणि तो गोल स्कोअरमध्ये धरतात. टायब्रेकरला तसं नाही, एकदा मारली की विषय संपला, आणि तिथले गोल मॅचच्या स्कोअरमध्ये जात नाहीत.

२०२१ च्या युरोत स्वित्झर्लंडनं हे दोन्ही एकाच रात्री भोगलं. समोर वर्ल्ड चॅम्पियन फ्रान्स. स्विस १-० नं पुढं, पेनल्टी मिळाली, रॉड्रिगेझची ती फ्रान्सचा गोलकीपर योरिसनं अडवली, आणि पुढच्या चार-पाच मिनिटांत बेंझेमानं दोन गोल ठोकले, नंतर पोग्बाचा तिसरा. १-३. आपल्याकडं असतं तर लोक गाडीची किल्ली खिशातनं काढून उठले असते. पण ८१ व्या मिनिटाला सेफेरोविच, ९० व्या मिनिटाला गाव्रानोविच, ३-३, आणि टायब्रेकरला स्विसनी पाचच्या पाच घातले, फ्रान्सच्या एम्बाप्पेची शेवटची स्विस गोलकीपर झोमरनं अडवली. अशा मॅचला नुसतं बरोबरी म्हणायला माझीपण जीभ रेटत नाही.

आणि टायब्रेकर म्हणजे नशीब, हे जे म्हणतात ना, ते मला अर्धंच पटतं. छोटी टीम मुद्दाम तिथवर मॅच ओढत नेते. मोकळ्या खेळात मोठ्यांचं पळणं, बेंच, पासिंग सगळं अंगावर येतं, पण ११ मीटरवरनं एकच किक मारायची म्हटलं की तो फरक बराच आटतो. तिथवर पोचायचं म्हणजे १२० मिनिटं मागं दाटीवाटीनं उभं राहून मार खायचा, आणि ते काय लॉटरीचं तिकीट काढण्यासारखं नाही.

उलट एका गोलनं सरळ पाडायचं म्हणजे विगन या छोट्या इंग्लिश क्लबसारखं. २०१३ ची एफए कप फायनल, समोर मँचेस्टर सिटी, ९० मिनिटं झाल्यावर बेन वॉटसनचा हेडर, १-०. तीनच दिवसांनी तीच टीम प्रीमियर लीगमधनं खाली गेली! पण त्या कपसमोर कुणी टायब्रेकरच्या स्कोअरचा कंस टाकू शकत नाही.

हे सगळं परवा कट्ट्यावर सांगत होतो, अर्जेंटिनावाले लय खूश होऊन ऐकत होते. मग मी सांगितलं की अर्जेंटिनानं टायब्रेकरवर जिंकलेली २०२२ ची वर्ल्ड कप फायनलपण रेकॉर्डला ३-३ बरोबरी आहे. त्या दिवसापासून चहाचं बिल माझ्याकडंच सरकवायलेत.