४के म्हटले की चित्र सारखेच असते का?

पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नवा टीव्ही पाहायला गेले, की कोणीतरी सांगतेच की घरी वेगवान फायबर इंटरनेट असेल, तर ४के स्ट्रीमिंग आणि ४के ब्लू-रे डिस्क (डीव्हीडीसारखीच, पण खूप जास्त माहिती मावणारी तबकडी) यांत काडीचाही फरक नसतो. हा समज चुकीचा आहे. ४के हा आकडा केवळ ३८४० × २१६० पिक्सेलची चौकट सांगतो. तिच्यात दर सेकंदाला किती माहिती भरली जाते, हे सांगत नाही. ४के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सुचवते, तर १०० जीबीच्या डिस्कवरून हाच प्रवाह १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे धुक्याच्या किंवा अंधाऱ्या खोलीच्या दृश्यात स्ट्रीमिंगवर अनेकदा सावल्यांमध्ये चौकोनी ठिपके आणि पट्टे उमटतात, आणि कनेक्शन ३०० मेगाबिटचे असले तरी ते जात नाहीत, कारण फाइल मुळातच आवळून पाठवलेली असते. आवाजाचेही तेच.

मात्र साधा ब्लू-रे प्लेअर ४के डिस्क वाचत नाही, हे खरेदीपूर्वी जरूर तपासावे. मालिका एकदाच पाहून सोडणाऱ्यांनी, माझ्या मते, ४के डिस्क आणि प्लेअरचा खर्च करूच नये. आवडता चित्रपट मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनी अवश्य करावा.