एका बिटाचा प्रश्न: मिश्र इन्स्ट्रक्शन सेट आणि हार्डवेअर डीबगर

१९९४ मध्ये प्रोसेसर डिझाइन करणाऱ्या एआरएम कंपनीने थम्ब हा १६ बिटांचा इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच, आणला. लहान उपकरणांमध्ये मेमरी महाग होती आणि ३२ बिटांच्या सूचनांचा प्रोग्राम ती भराभर खात होता. आता एकच कोअर, म्हणजे प्रोसेसरचा गाभा, दोन भाषांत चालणार होता: जुनी ३२ बिटांची एआरएम आणि नवी थम्ब. पण मेमरीत पडलेले बाइट कोणत्या भाषेतले, हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. ते ठरतं एका बिटावर: एआरएममध्ये कोअरची सध्याची अवस्था ठेवणाऱ्या सीपीएसआर रजिस्टरमधला (कोअरच्या आतल्या छोट्या साठवण-जागेतला) ५ क्रमांकाचा बिट, शून्यापासून मोजून. डीबगरला, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावणाऱ्या साधनाला, ही दुसरी भाषा शिकवण्याचा सगळा इतिहास या बिटाचा माग ठेवण्याचाच आहे.

एआरएम७टीडीएमआय या कोअरमध्ये थम्ब आणि डीबग हार्डवेअर दोन्ही होतं. थांबलेल्या कोअरचे रजिस्टर डीबगरला थेट वाचता येत नसत. जेटॅग या चाचणी-जोडणीच्या स्कॅन चेनमधून (एकेक बिट आत-बाहेर सरकवणाऱ्या साखळीतून) सूचना आत ढकलायच्या, कोअरकडून त्या चालवून घ्यायच्या आणि डेटा बसवर आलेलं मूल्य टिपायचं. कोअर थम्ब अवस्थेत थांबला असेल, तर आधी त्याला एआरएम अवस्थेत न्यावं लागे. या बदलात आर-शून्य हे रजिस्टर आणि पीसी (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) बिघडतात, म्हणून ते आधीच वाचून ठेवायचे. परत सोडताना मूळ अवस्था विसरली, की कोअर थम्बच्या सूचना एआरएमच्या समजून वाचणार आणि प्रोग्राम कुठेही भरकटणार.

ब्रेकपॉइंटची, म्हणजे प्रोग्राम ठरावीक जागी थांबवण्याची, सोय मात्र विचारपूर्वक केलेली दिसते. त्या पिढीत ब्रेकपॉइंटची वेगळी सूचनाच नव्हती. ठरावीक बिटांचा नमुना मेमरीत लिहायचा आणि बसवर नजर ठेवणाऱ्या दोन वॉचपॉइंट युनिटांपैकी एकाला तो नमुना फेच होताना (मेमरीतून सूचना म्हणून वाचला जाताना) पकडायला सांगायचं. थम्बसाठी १६ बिटांचा नमुना युनिटच्या दोन्ही अर्ध्या भागांत लिहीत. १६ बिटांच्या फेचमध्ये हार्डवेअर बसचा लागू असलेला अर्धा भागच तपासत असल्याने एक युनिट पुरे. मला हे त्या डिझाइनमधलं सर्वांत देखणं काम वाटतं. बीकेपीटी ही ब्रेकपॉइंटची खास सूचना पुढे एआरएमव्ही५टी या आवृत्तीत आली, तीही दोन्ही संचांत वेगवेगळ्या रूपात.

सॉफ्टवेअरलाही जुळवून घ्यावं लागलं. जीडीबी हा प्रचलित डीबगर आपल्या रिमोट प्रोटोकॉलमध्ये ब्रेकपॉइंटच्या पत्त्यासोबत त्याचा प्रकारही पाठवतो: एआरएमसाठी २ म्हणजे १६ बिटांचा थम्ब, ३ म्हणजे ३२ बिटांचा थम्ब-२, ४ म्हणजे एआरएम. पत्ता एकच असला तरी तिथे काय लिहायचं, हे या आकड्यावर ठरतं. जीडीबी आणि चिप यांच्यामध्ये बसणाऱ्या ओपनओसीडीसारख्या साधनाला तो आकडा समजावा लागतो. हे साधन २००५ मध्ये डॉमिनिक राथ यांच्या जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथल्या पदवी प्रबंधातून जन्माला आलं.

मिप्स या दुसऱ्या प्रोसेसर-कुळाने असाच बिट पीसीच्या सर्वांत खालच्या जागी ठेवला. मिप्स१६ आणि नंतर मायक्रोमिप्स, या त्याच्या दोन्ही आखूड सूचनासंचांत तसंच. डीबगसाठी कोअर थांबला (डीबग अपवाद), की परतीचा पत्ता डीईपीसी या रजिस्टरमध्ये येतो आणि त्याचा शेवटचा बिट संच सांगतो. अवघड जागा वेगळीच होती: पीआयसी३२एमएमसारख्या चिपना फक्त मायक्रोमिप्स कळतं. त्यामुळे डीबगर कोअरला भरवतो त्या छोट्या सूचनाही मायक्रोमिप्समध्येच असाव्या लागतात. जुना, ३२ बिटांच्या सूचनांचा मिप्स३२ कोड तिथे चालत नाही.

रिस्क-व्ही या नव्या, खुल्या इन्स्ट्रक्शन सेटने अवस्थाच काढून टाकली. सूचनेचे खालचे दोन बिट ११ नसतील तर ती १६ बिटांची. तरी लांबी पाहावीच लागते: दोन बाइटच्या सूचनेवर चार बाइटचा ईब्रेक (तिथली ब्रेकपॉइंटची सूचना) लिहिला तर पुढची सूचनाही पुसली जाते, आणि दुसरीकडून थेट तिच्यावर उडी मारणारा कोड बिघडतो.