सजीवांचे नामकरण आणि वर्गीकरण: फरक नेमका कोठे?

सजीवाला शास्त्रीय नाव देणे आणि त्याचे वर्गीकरण करणे ही दोन्ही कामे एकच असल्याचा समज बराच रूढ आहे, कारण दोहोंशी अठराव्या शतकातील स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांचेच नाव जोडले जाते. वस्तुतः नामकरण ही शास्त्रज्ञांनी आपसांत ठरवलेली व्यवस्था आहे. वर्गीकरण हे सजीवांमधील नात्यांविषयी केलेले विधान असून नव्या पुराव्याने ते चुकीचे ठरू शकते.

नामकरणाचे नियम काटेकोर आहेत. प्राण्यांची शास्त्रीय नावे १७५८ पासूनची ग्राह्य धरतात. जातीचे नाव एका जपून ठेवलेल्या प्ररूप नमुन्याशी, म्हणजे त्या नावाचा आधार ठरवलेल्या नमुन्याशी, बांधलेले असते आणि एकाच जातीला दोन नावे मिळाल्यास सहसा आधी प्रसिद्ध झालेले टिकते, मग ते दिशाभूल करणारे का असेना. रिचर्ड हार्लन यांनी १८३४ मध्ये एका अवाढव्य जीवाश्माला सरपटणारा प्राणी समजून ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे सरड्यांचा राजा, असे नाव दिले. पुढे रिचर्ड ओवेन यांनी दातांच्या रचनेवरून तो सस्तन प्राणी असल्याचे दाखवले व नवे नावही सुचवले. आज तो प्राचीन देवमासा मानला जातो, पण नाव हार्लन यांचेच चालते.

वर्गीकरणाला असा हट्ट परवडत नाही. कोणाचा पूर्वज कोणाशी सामाईक, हे त्याला सांगायचे असते, आणि तेथे वरवरचे साम्य अनेकदा फसवते. मगर दिसायला सरड्यासारखी असली, तरी तिचे जवळचे नाते पक्ष्यांशी आहे. त्यामुळे पक्ष्यांना वगळून केलेला सरपटणाऱ्या प्राण्यांचा गट आज अनेक शास्त्रज्ञांना अपुरा वाटतो. एवढा खटाटोप करण्याचे कारण व्यावहारिकही आहे: एखादी वनस्पती कोणत्या कुलातील आहे हे कळले, की तिच्यात कोणती रसायने आढळतील याचा अंदाज बांधता येतो.

दोन्ही गोष्टींची गल्लत होते, त्यात वाचकाचा फारसा दोष नाही. द्विनाम पद्धतीत, म्हणजे दोन शब्दांच्या शास्त्रीय नावात, पहिला शब्द प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा) व दुसरा त्या जातीचा असल्याने वर्गीकरण थेट नावातच शिरते. लिनियस यांनी सिंहाला ‘फेलिस लिओ’ म्हटले होते. पुढे त्याला ‘पँथेरा’ या प्रजातीत हलवल्यावर पहिला शब्द बदलला, ‘लिओ’ कायम राहिला, आणि हा बदल कळावा म्हणून लिनियस यांचे नाव व १७५८ हे साल आता कंसात लिहिले जाते.