सामायिक उद्दिष्टे व निर्देशक (नियोजन सॉफ्टवेअर)

नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच नोंदवलेले, पण एकाहून अधिक विभागांच्या आराखड्यांत दिसणारे उद्दिष्ट म्हणजे सामायिक उद्दिष्ट. त्याची प्रगती मोजणारा निर्देशक, म्हणजे कंपन्यांतल्या बोलीत ‘केपीआय’, हाही असाच वाटून घेता येतो. मूळ नोंद एकच राहते, प्रत्येक आराखड्यात तिचा फक्त दुवा असतो. आकडा एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. नोंदीची प्रत काढून दुसऱ्या आराखड्यात चिकटवली तर तिला सामायिक म्हणता येत नाही. दोन्ही प्रती आपापल्या वाटेने जातात आणि आढावा बैठकीचा निम्मा वेळ कोणता आकडा खरा हे ठरवण्यातच जातो.

कल्पना सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ‘उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापन’ मांडले. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी त्याचे रूप साहेबाने हाताखालच्या माणसाला वार्षिक लक्ष्य देणे एवढेच उरले. शेजारच्या विभागाचे काय चालले आहे, हे त्यात येत नसे. जपानी कारखान्यांत १९६०च्या दशकात रुजलेल्या ‘होशिन कान्री’ पद्धतीत उद्दिष्टाचा मसुदा वरच्या आणि खालच्या पातळ्यांमध्ये, तसेच विभागाविभागांत, चर्चेसाठी मागेपुढे फिरतो. या देवघेवीला ‘कॅचबॉल’ म्हणतात. इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी घडवलेली ‘ओकेआर’ (उद्दिष्टे आणि ती गाठल्याचे दाखवणारे मोजता येण्याजोगे परिणाम) पद्धत गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गुगलमध्ये नेली. तिथे कोणाचीही उद्दिष्टे कंपनीतल्या सर्वांना पाहता येत. रॉबर्ट कॅप्लान व डेव्हिड नॉर्टन यांचे १९९२ चे ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’, म्हणजे पैशाच्या आकड्यांबरोबर ग्राहक, अंतर्गत कामकाज वगैरेंचे निर्देशकही एकत्र पाहणारा तक्ता, हेही याच घराण्यातले. आजच्या बहुतेक नियोजन सॉफ्टवेअरची रचना या तीन-चार पद्धतींच्या मिश्रणातून आली आहे.

भारतात या कल्पनेचा मोठा सरकारी वापर विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठीच्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात दिसतो. नीती आयोगाच्या देखरेखीखाली जानेवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला. त्यातील ११२ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) हे चार आहेत. निर्देशक ४९. आरोग्य व पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के भार, शेती व जलसंपदेला २० टक्के, वित्तीय समावेशन व कौशल्यविकासाला १० आणि पायाभूत सुविधांना १० टक्के. आकडे ‘चॅम्पियन्स ऑफ चेंज’ या डॅशबोर्डवर चढतात आणि दरमहा झालेल्या सुधारणेवरून जिल्ह्यांची ‘डेल्टा’ क्रमवारी लागते. क्रमांक लागतो तो अख्ख्या जिल्ह्याचा, एकेका खात्याचा नाही. त्यामुळे एक खाते मागे राहिले तरी फटका सगळ्यांना बसतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना वेगवेगळ्या खात्यांना एका टेबलावर बसवावेच लागते. खात्यांच्या सहकार्यावर काढलेल्या कितीही परिपत्रकांपेक्षा ही रचना जास्त काम करते.

अवघड भाग असतो व्याख्येचा. गरोदर मातेची पहिल्या तिमाहीतली नोंदणी हा निर्देशक घेऊ. ही नोंदणी आशा कार्यकर्त्या आणि एएनएम (आरोग्यसेविका) यांच्यामार्फत आरोग्य खाते करते, तर त्याच मातेला पोषण आहार अंगणवाडीतून, म्हणजे महिला व बालविकास खात्याकडून मिळतो. समजा, एका तालुक्यात वर्षभरात अंदाजे १,२०० गरोदर माता अपेक्षित आहेत, नोंदणी १,००० जणींची झाली आणि त्यातल्या ९०० जणी पहिल्या तिमाहीत आल्या. छेदात नोंदणी धरली तर निर्देशक ९० टक्के, अपेक्षित संख्या धरली तर ७५. दोन्ही हिशेब बरोबरच, पण एका पडद्यावर दोन्ही चालत नाहीत. म्हणून सामायिक निर्देशकाच्या नोंदीत अंश, छेद, माहितीचा स्रोत, आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा आणि तो भरणार कोण, हे सगळे लिहिलेले असावे लागते. बऱ्याच संस्था नुसते नाव सामायिक करतात आणि व्याख्या ज्याच्या त्याच्या एक्सेलमध्ये ठेवतात. अशा वेळी महागडे सॉफ्टवेअर घेऊनही फरक पडत नाही.

बेरजेतही गफलत होते. एकच उद्दिष्ट दोन विभागांखाली दिसत असेल आणि सॉफ्टवेअर विभागवार बेरीज करून संस्थेचा एकूण आकडा काढत असेल, तर ते दोनदा मोजले जाते. टक्केवारीची तर सरासरी काढूच नये. एका तालुक्यात १०० पैकी ५०, दुसऱ्यात १,००० पैकी ९०० असतील, तर सरासरी येते ७० टक्के. अंश आणि छेद वेगवेगळे मिळवून काढलेला खरा आकडा सुमारे ८६ टक्के आहे.

मालकीबाबत प्रचलित संकेत असा, की उद्दिष्ट कितीही विभागांत वाटले तरी जबाबदार अधिकारी एकच असावा. बाकीचे विभाग सहभागी म्हणून जोडले जातात. त्यांना आपली कामे आणि शेरे नोंदवता येतात, पण लक्ष्याचा आकडा बदलता येत नाही. निर्देशक सामायिक असूनही प्रत्येक विभागाचे लक्ष्य वेगळे ठेवण्याची सोय काही प्रणालींत असते. डोंगराळ आणि सपाट तालुक्यांना एकच लक्ष्य लावणे अन्यायाचे ठरते, तिथे ती उपयोगी पडते. महिना संपल्यावर आकड्यांना कुलूप लावतात. त्यानंतरची दुरुस्ती कारण लिहून, बदल करणाऱ्याच्या नावानिशी होते आणि जुना आकडाही नोंदीत राहतो.