डिव्हिडंड बॅलन्सिंग: परदेशी कंपन्यांच्या नफ्याची वाट आणि चलन नियंत्रणाची पार्श्वभूमी

परदेशी कंपनीने भारतातून पैसा बाहेर नेला, असे म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. शेअर विकून भांडवल परत नेणे ही पहिली. नफ्यातून जाहीर झालेला लाभांश मूळ कंपनीला पाठवणे ही दुसरी. तंत्रज्ञान किंवा ब्रँड वापरल्याबद्दल रॉयल्टी देणे ही तिसरी, आणि ती नफा काढण्याआधीच खर्चात धरली जाते. तिन्हींचे नियम निराळे, कर निराळा, बँकेत लागणारी कागदपत्रेही निराळी. एक वाट अरुंद झाली की पैसा दुसरीकडून निघू पाहतो. धोरणे बदलत गेली ती बऱ्याचदा याच कारणाने. लाभांशाच्या वाटेवर १९९१ मध्ये बसलेली अशीच एक अट म्हणजे डिव्हिडंड बॅलन्सिंग: परदेशी जाणारा लाभांश निर्यातीच्या कमाईने भरून काढणे.

परदेशी चलनाच्या देवघेवीवर सरकारी नियंत्रण आले सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली. १९४७ चा परदेशी चलन नियमन कायदाही आधी तात्पुरताच होता. १९५७ मध्ये तो कायम झाला. एप्रिल १९४९ मध्ये संविधान सभेत सरकारने स्पष्ट केले होते की नफा पाठवण्याच्या सवलती चालू राहतील. भांडवल परत नेण्यासही मनाई नसेल, पण परदेशी चलन मिळणे गंगाजळीच्या स्थितीवर अवलंबून असेल. हे आश्वासन पुढे कधी उघडपणे मागे घेतले गेले नाही. बंधने आली ती मालकीचे प्रमाण, निर्यात आणि रॉयल्टीचे दर यांच्या आडून.

१ जानेवारी १९७४ पासून लागू झालेला फेरा, म्हणजे नवा परदेशी चलन नियमन कायदा, बहुतेकांना आठवतो तो दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या देश सोडून गेल्या म्हणून. प्रत्यक्षात बहुसंख्य कंपन्या राहिल्या. कलम २९ नुसार ४० टक्क्यांहून अधिक परदेशी मालकी असलेल्या कंपनीला व्यवसाय चालू ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. प्रगत तंत्रज्ञान किंवा मोठी निर्यात असेल तर ५१ किंवा ७४ टक्क्यांपर्यंत मुभा मिळे. हिस्सा खाली आणण्याची सोयीची वाट म्हणजे भारतीयांना नवे शेअर देणे. पूर्ण परदेशी मालकीच्या कंपनीचे भागभांडवल १ कोटी असेल, तर दीड कोटीचे नवे शेअर काढले की एकूण भांडवल अडीच कोटी होते आणि मूळ कंपनीचा वाटा ४० टक्क्यांवर येतो. पण तिच्या हातातले शेअर तेवढेच राहतात. लाभांशाचा दर टिकला तर परदेशी जाणारी रक्कमही तेवढीच राहते. हिस्सा विकायला लावला असता तर भांडवल एकदम बाहेर गेले असते. म्हणून सरकारलाही नवे शेअर बरे वाटले, आणि भांडवल उभारणीवरच्या सरकारी नियंत्रकाने ठरवलेल्या स्वस्त भावात ते शेअर घेऊन मुंबईतला नोकरदार वर्ग पहिल्यांदा भागधारक झाला. चलन वाचवणे हा हेतू धरला तर ४० टक्क्यांच्या नियमाने तो फारसा साधला नाही, हे मान्य करायला हवे.

१९९१ च्या जुलैतील औद्योगिक धोरणाने ठरावीक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी आपोआप मंजूर केली आणि त्याबरोबर डिव्हिडंड बॅलन्सिंगची अट आणली. या अटीचा अर्थ आजही चुकीचा सांगितला जातो. उत्पादन सुरू झाल्यापासून सात वर्षे कंपनीने परदेशी पाठवलेला लाभांश तिच्या निर्यातीच्या कमाईने भरून निघायला हवा. ती कमाई लाभांश देण्याच्या वर्षाची किंवा त्याआधीच्या वर्षांची असावी. समजा तीन वर्षांत निर्यातीचे ४ कोटी आले आणि लाभांश ६ कोटी ठरला. मग ४ कोटी जातील. उरलेले २ कोटी निर्यात वाढेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत देशातच राहतील. ती रक्कम जप्त होत नसे, अडकून पडे.

ही अट आणि निर्यात बंधन यांची गल्लत नेहमी होते. निर्यात बंधन आयात शुल्काच्या सवलतीशी जोडलेले असते. ते चुकले तर सुटलेले शुल्क व्याजासह भरावे लागते. मोटार कंपन्यांवर १९९७ अखेर आलेली व्यापार समतोलाची अट तिसरीच होती. तिने आयात केलेल्या सुट्या भागांची किंमत निर्यातीशी बांधली, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा समितीने २००१ मध्ये ती नियमबाह्य ठरवली. बॅलन्सिंगमध्ये दंड नव्हता, पण लाभांशावर थेट कुलूप होते.

१९९२ मध्ये बहुतेक उद्योगांसाठी हे कुलूप निघाले. ते उरले २२ ग्राहकोपयोगी उद्योगांवर: बेकरी, शीतपेये, पादत्राणे, मोटारी, फ्रिज-वॉशिंग मशीन वगैरे. हे उद्योग येथल्या बाजारासाठीच उभे राहतात, निर्यात त्यांचा मूळ धंदा नाही. म्हणजे निर्यात करणे ज्यांना सर्वांत कठीण, नेमकी त्यांच्याच नफ्याला निर्यातीची मोजपट्टी लागली. अट लाभांशाला होती, रॉयल्टीला नव्हती. त्यामुळे रॉयल्टीच्या ठरलेल्या दरांत, म्हणजे देशी विक्रीवर ५ आणि निर्यातीवर ८ टक्के, जितके बसेल तितके त्या वाटेने नेण्याचा मोह वाढला.

ऑगस्ट १९९४ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कराराचे आठवे कलम स्वीकारले आणि चालू खाते परिवर्तनीय झाले, म्हणजे व्यापार, सेवा, लाभांश अशा व्यवहारांसाठी रुपये देऊन परदेशी चलन घेणे मोकळे झाले. लाभांश हा चालू खात्याचा व्यवहार. तरी २२ उद्योगांवरची अट जुलै २००० पर्यंत टिकली. १ जून २००० पासून फेराच्या जागी फेमा, म्हणजे परदेशी चलन व्यवस्थापन कायदा, आला. त्याच्या चालू खाते नियमांच्या पहिल्या परिशिष्टात, लॉटरीच्या जिंकलेल्या रकमेसारख्या बंदी असलेल्या व्यवहारांशेजारी, बॅलन्सिंग लागू असलेल्या कंपनीच्या लाभांशाची नोंद आहे. नियम मे महिन्यातले, अट गेली दोन महिन्यांनी, ओळ तशीच राहिली. परिशिष्ट नुसते वाचून लाभांशाला बंदी आहे असा समज करून घेणारे अजून भेटतात.

डिसेंबर २००९ मध्ये रॉयल्टीच्या मर्यादा उठल्या. पुढचा वाद चलनाचा राहिला नाही, अल्प भागधारकांचा झाला. म्हणून जुलै २०१९ पासून नोंदणीकृत कंपनीने संबंधित कंपनीला दिलेली ब्रँड व रॉयल्टीची रक्कम एकत्रित उलाढालीच्या ५ टक्क्यांहून जास्त असेल तर इतर भागधारकांची मंजुरी लागते. रॉयल्टीवरील कराचा दर २०१३ मध्ये १० वरून २५ टक्के, २०१५ मध्ये पुन्हा १० आणि २०२३ मध्ये २० टक्के झाला. लाभांशावरचा कर १९९७ पासून बहुतेक काळ कंपनीच भरत असे. तो भागधारकाचा कर नसल्याने मूळ कंपनीला आपल्या देशात त्याची वजावट मिळवणे कठीण जाई. एप्रिल २०२० पासून कर पुन्हा भागधारकावर आला: परदेशी कंपनीसाठी २० टक्के अधिक अधिभार, किंवा दोन देशांमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातला कमी दर. काही करारांतल्या सर्वाधिक पसंतीच्या कलमावरून (भारताने दुसऱ्या देशाला दिलेला कमी दर आपल्यालाही मिळावा, असे ते कलम) ५ टक्के दर आपोआप मिळतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. स्वतंत्र अधिसूचनेशिवाय नाही, असा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२५ पासून आपल्या बाजूनेही ते कलम थांबवले.

आता लाभांशाला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागत नाही. अधिकृत बँकच रक्कम पाठवते. अडते ते जुन्या कागदांवर. परदेशी भागधारकाला शेअर दिल्यावर ३० दिवसांत त्याचे रिझर्व्ह बँकेकडचे विवरण, म्हणजे एफसी-जीपीआर, भरले नसेल, तर बँक आधी ती नोंद आणि विलंब शुल्क मागते. कराराचा दर हवा तर भागधारकाचे कर-निवासी प्रमाणपत्र, त्यासोबतचा माहितीचा फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली १० एफ) आणि तोच खरा लाभधारक असल्याचे निवेदन लागते. यातले एक जरी कमी असले तर पूर्ण दराने कर कापला जातो आणि परतावा मागत बसावे लागते. १९६१ च्या आयकर कायद्याखाली सीएचे प्रमाणपत्र (१५ सीबी) आधी आणि रक्कम पाठवणाऱ्याचे निवेदन (१५ सीए) नंतर, हा क्रम उलटला तरी फाइल परत येई. जाहीर केलेला लाभांश पाच दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि ३० दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत घोषणेपासून मोजतात, म्हणून प्रमाणपत्रे घोषणेआधीच मागवलेली बरी. विनिमयाचा दर मात्र रक्कम पाठवण्याच्या दिवसाचा धरला जातो. मधल्या काळात रुपया घसरला तर तो तोटा मूळ कंपनीचा.